कवकांपासूनची औषधं: ‘रोधक’, ‘नाशक’ की ‘विरोधी’?

दांडियाबाजार
नमस्कार मंडळी, मी दांडियाबाजारातून लिहितेय. इथल्या, बडोद्याच्या, मराठी वाचनालयात मुलांसाठी विज्ञानाचं छोटं प्रदर्शन भरतंय आणि त्यातला एक फलक माझ्याकडे आलाय. विषय आहे बुरशी आणि तिचे जातभाई तयार करतात ती द्रव्यं, म्हणजे जीवाणूंना मारणारी आणि कर्करोगाच्या पेशींवर काम करणारी. मजकूर इंग्रजीत आहे आणि मराठीत आणताना ओळीओळीला अडतंय. ‘बुरशी’ लिहू की ‘कवक’? ‘जीवाणूरोधक’, ‘जीवाणूनाशक’, ‘प्रतिजैविक’ यांतलं नेमकं कोणतं? आणि ‘कर्करोगरोधक संयुगे’ असं शीर्षक चालेल का? बडोद्यातली आपली बरीच मुलं गुजराती माध्यमात शिकतात आणि घरी ‘लोणच्याला फूग लागली’ असंच बोलतात. त्यांनाही वाचता आलं पाहिजे.

बाबाजीपुरा
ताई, शीर्षकात ‘कवक’ आणि पहिल्याच ओळीत ‘म्हणजे बुरशी, अळंबी, यीस्ट वगैरे’ असं करा. नुसतं ‘बुरशी’ अपुरं पडतं. भाकरी बुरसते, लोणच्यावर बुरशी धरते, पण पावसाळ्यात उगवणाऱ्या कुत्र्याच्या छत्रीला आपण बुरशी म्हणत नाही. (गुजरातीत तीच ‘बिलाडीनो टोप’ होते, मुलांना हे नक्की सांगा, आवडेल.) आणि औषधं तर दोन्हींपासून मिळाली आहेत. पेनिसिलिन बुरशीचं, प्ल्युरोम्युटिलिन मात्र छत्रीवाल्या अळंबीचं. ते १९५०च्या सुमारास सापडलं, बरीच वर्षं फक्त गुराढोरांसाठी वापरलं गेलं आणि त्याच कुळातलं लेफाम्युलिन हे न्यूमोनियावरचं औषध अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालं. ‘बुरशीची औषधं’ असं शीर्षक दिलंत तर हे बाहेरच राहील.

मी औषध कारखान्यात फर्मेंटरवर (कवक वाढवायच्या मोठ्या टाकीवर) नोकरी केली. आमच्याकडे मराठी, गुजराती, मल्याळी सगळे होते, पण टाकीत वाढणाऱ्या त्या लगद्याला कवक कुणीच म्हणत नसे. ‘मायसेलियम’ (कवकाच्या धाग्यांचं जाळं) आणि ‘ब्रॉथ’ (ते ज्यात वाढतं तो पातळ रस) हे दोनच शब्द. टाकीत साखर, मका भिजवल्यावर उरणारं पाणी (कॉर्न स्टीप लिकर) आणि सतत हवा. हवा कमी पडली की पेनिसिलिन घटायचं. त्याहून मोठी भीती बाहेरचा जीवाणू आत शिरण्याची. काही जीवाणू पेनिसिलिन तोडणारं विकर (एन्झाइम) बनवतात, म्हणजे अख्खी टाकी वाया. जीवाणूंना मारणारं द्रव्य आणि ते द्रव्य मोडणारे जीवाणू एकाच टाकीत, हे मुलांना चित्रातून दाखवता आलं तर फार चांगलं.

सलाटवाडा
आधी शुद्धलेखन. एकटा शब्द ‘जीवाणू’ दीर्घ, पण समासात तत्सम शब्द पहिला आला की तो ऱ्हस्व राहतो: जीवाणुनाशक, जीवाणुरोधक, विषाणुजन्य. फलक मुलं वाचणार आहेत, तेव्हा हे सांभाळाच.

आता अर्थ. ‘नाशक’ म्हणजे मारणारं, ‘रोधक’ म्हणजे वाढ अडवणारं, आणि हा फरक औषधांत खरोखर असतो. पेनिसिलिन वाढत्या जीवाणूची पेशीभिंत नीट बांधू देत नाही, मग तो फुटतो. ते जीवाणुनाशक. आपल्या पेशींना भिंतच नसते, त्यामुळे आपल्याला त्याची झळ फारशी लागत नाही (ॲलर्जी असलेल्यांची गोष्ट वेगळी). उलट त्वचेच्या मलमात असतं ते फ्युसिडिक आम्ल, तेही कवकाचंच, जीवाणूचं प्रथिन बनवण्याचं काम थांबवतं. ते बहुतेक वेळा मारत नाही, वाढ रोखतं. म्हणून त्याला ‘रोधक’. दोन्ही मिळून एकच शब्द हवा असेल तर ‘जीवाणुविरोधी’ घ्यावा.

‘प्रतिजैविक’ हा रूढ शब्द आहे, तो ठेवा, पण जिथे औषध म्हणून वापरात आलेल्या द्रव्याची गोष्ट आहे तिथेच. प्रयोगशाळेतल्या बशीत जीवाणू मारणारं प्रत्येक द्रव्य प्रतिजैविक औषध होत नाही.

दांडियाबाजार
सर, हे फार उपयोगी झालं. मग ‘कर्करोगरोधक’ही याच न्यायाने बरोबर ना? वाढ अडवणारं?

मकरपुरा
इथे मला थांबवावंसं वाटतं. मी कर्करोगाच्या वॉर्डात परिचारिका आहे. ताई, तुमचा तर्क व्याकरणाने बरोबर आहे, पण ऐकणारा तो शब्द तसा ऐकत नाही. आपल्या कानाला ‘रोधक’ जलरोधक, उष्णतारोधक, गर्भनिरोधक यांमुळे ओळखीचा आहे, म्हणजे आत येऊ न देणारं. ‘कर्करोगरोधक अळंबी’ वाचलं की माणूस समजतो, ही खाल्ली की कर्करोग होत नाही. वॉर्डात नातेवाईक पिशवीतून अळंबीच्या भुकटीचा डबा काढतात, त्यावरचा असाच शब्द बोटाने दाखवतात आणि विचारतात, ‘सिस्टर, हे चालू केलं तर केमो थांबवता येईल का?’ डबा महागाचा असतो, आणि त्यांच्या डोळ्यांत जी आशा असते ती मोडताना जीव तुटतो.

म्हणून शब्दाबरोबर पायरीही लिहा. ‘काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्कपेशींना मारणारं’, ‘उंदरांत गाठ लहान करणारं’ आणि ‘माणसांच्या उपचारात वापरलं जाणारं’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्कपेशी आपल्याच पेशींतून आलेल्या असतात, त्यांना मारणारं द्रव्य आपल्यालाही मारू शकतं. ओम्फॅलोटस नावाच्या विषारी, अंधारात चमकणाऱ्या अळंबीत इल्युडिन हे द्रव्य सापडलं. त्याचं रूप थोडं बदलून इरोफुल्व्हेन केलं, ते माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत गेलं. तिथे दृष्टीला त्रास झाला आणि मंजूर औषध काही ते झालं नाही. त्याला ‘कर्करोगावरचं औषध’ म्हणायचं का? माझ्या मते नाही. ‘कर्कपेशीमारक द्रव्य’ म्हणा, तेवढंच खरं आहे.

शिवाय ‘संयुग’ आणि ‘अर्क’ यांची गल्लत करू नका. संयुग म्हणजे वेगळं काढून ओळख पटवलेलं एक द्रव्य. अर्कात शेकडो द्रव्यं असतात. ट्रॅमेटिस या कवकापासून काढलेलं ‘क्रेस्टिन’ जपानमध्ये १९७०च्या दशकापासून दिलं गेलं, पण केमोथेरपीच्या जोडीला, तिच्याऐवजी नव्हे. दुकानातली भुकटी म्हणजे ते क्रेस्टिन नव्हे.

सलाटवाडा
पटलं. मग ‘कर्करोगरोधक’ शीर्षकातून काढाच. ‘कर्करोगविरोधी’ चालेल, पण खाली मकरपुरा म्हणतात तशी पायरी प्रत्येकाजवळ हवी.

दांडियाबाजार
मूळ मजकुरात टॅक्सॉल, स्ट्रेप्टोमायसिन आणि डॉक्सोरुबिसिनही कवकांच्या यादीत आहेत. ठेवू ना?

बाबाजीपुरा
शेवटची दोन काढा. स्ट्रेप्टोमायसिन ज्याच्यापासून मिळतं तो स्ट्रेप्टोमायसीस दिसायला बुरशीसारखे धागे काढतो, नावातही ‘मायसीस’ म्हणजे ग्रीकमधली बुरशीच आहे, पण तो जीवाणू आहे. डॉक्सोरुबिसिनही त्याच्याच एका जातीकडून येतं. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधलं हामायसिन मात्र मुलांना सांगण्यासारखं आहे. तेही स्ट्रेप्टोमायसीसचंच, पण काम उलटं, बुरशीला मारणारं. त्याला ‘कवकनाशक’ म्हणायचं. ‘कवकांचं द्रव्य’ आणि ‘कवकांवरचं द्रव्य’, इथे षष्ठी जपून वापरा.

मकरपुरा
टॅक्सॉलचा तपशील मी देते, कारण कर्करोगावरचं हे औषध रोज हातात असतं. ते मुळात यू नावाच्या झाडाच्या सालीतलं. मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. वाणी मूळचे नंदुरबारचे, म्हणजे बडोद्याच्या मुलांना जवळचेच. पुढे १९९३ मध्ये त्याच झाडाच्या सालीत राहणाऱ्या टॅक्सोमायसीस या कवकातही टॅक्सॉल सापडल्याचं प्रसिद्ध झालं, पण अगदी कणभर. आज रुग्णाला सलाईनमधून मिळतं ते काही त्या कवकाचं नसतं. झाडाच्या पानांतून मिळणाऱ्या द्रव्यापासून किंवा टाकीत वाढवलेल्या वनस्पतिपेशींपासून ते बनतं.

दांडियाबाजार
मग असं लिहिते: ‘कवकांची जीवाणुविरोधी द्रव्यं: पेनिसिलिन (फ्लेमिंग, लंडन, १९२८), सेफॅलोस्पोरिन (ब्रोत्झू, सार्डिनिया, १९४५, सांडपाणी मिसळणाऱ्या समुद्रकिनाऱ्याजवळच्या कवकातून), फ्युसिडिक आम्ल, प्ल्युरोम्युटिलिन. कर्कपेशींवर तपासलेली: इल्युडिन (औषध झालं नाही). टॅक्सॉल: मूळ वनस्पती, कवकात अल्प प्रमाणात.’

सलाटवाडा
छान. फक्त ‘तपासलेली’ आधी ‘प्रयोगशाळेत’ घाला. आणि सायक्लोस्पोरिन कुठे गेलं? तेही नॉर्वेतल्या मातीतल्या कवकाचं, पण ना जीवाणुविरोधी ना कर्करोगविरोधी. प्रत्यारोपण केलेलं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून दिलं जातं. त्याला ‘प्रतिकार दाबणारं’ असा वेगळा रकाना करा, नाहीतर मुलं त्यालाही प्रतिजैविक समजतील.