मदत हवी आहे: कोलेस्टेरॉलसाठी कोणतं तेल? उद्या डबा आणायचाय (ठाणे)

तळ्याकाठी
नमस्कार. रिपोर्ट आलाय, कोलेस्टेरॉल वाढलंय. डॉक्टर म्हणाले, "तेल बदला, तेलकट कमी करा," आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. बदलून कोणतं आणायचं, ते विचारायचं राहूनच गेलं. आमच्याकडे सूर्यफुलाचं येतं. सासूबाई म्हणतात शेंगदाण्याचं आणा, गावी सगळे तेच खायचे. बहीण म्हणते ऑलिव्ह, जाऊबाई म्हणतात मोहरी. घरच्या ग्रुपवर रोज व्हिडिओ येतात, एकात रिफाइंड म्हणजे विष, दुसऱ्यात तूप म्हणजे विष. उद्या रविवार, जांभळी नाक्यावरून पाच लिटरचा डबा आणायचाय, घरातलं तेल तळाला गेलंय. कृपया एकच नाव सांगा.

घाणाप्रेमी
लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल. दुसरा विचारच करू नका. आमच्याकडे चार वर्षं तेच आहे. समोर उभं राहून काढून घेता येतं, वास घरभर दरवळतो. महाग पडतं, पण चव लागते म्हणून कमीही लागतं.

रात्रपाळी
ताई, रिपोर्ट कोणाचा? वय काय? नुसतं 'वाढलंय' म्हणून काही सांगता येत नाही. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), एचडीएल (चांगलं) आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) वेगवेगळे लिहा. रक्त उपाशीपोटी दिलं होतं का? शुगर, बीपी, थायरॉइड? काही गोळ्या चालू आहेत का? मी लॅबमध्ये काम करते, म्हणून विचारतेय.

तळ्याकाठी
टोटल २६० आहे. मला फक्त तेलाचं नाव हवंय हो, बाकीचं डॉक्टर बघतील.

माडाखाली
खोबरेल वापरा. माझी आजी वेंगुर्ल्याची, ९१ वर्षं जगली, रोजचं जेवण खोबरेलात आणि ओल्या नारळात. तेव्हा कुठे होते हे आजार?

वाचनखूण
माडाखाली, आजींबद्दल आदर आहे, पण कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसाला हा सल्ला नको. खोबरेल तेलात सुमारे ९० टक्के संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट, थंडीत गोठणारी) असते, म्हणजे तुपापेक्षाही जास्त. त्यातलं जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल, तोही संपृक्त चरबीचाच प्रकार. त्याने चांगलं एचडीएल वाढतं हे खरं, पण एलडीएलही वाढतं. २०२० मध्ये आधीच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा सूर्यफूल, सोयाबीन, ऑलिव्ह अशा तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल सुमारे १० अंकांनी जास्त भरलं. आजी शेतात राबायच्या, मासे खायच्या, वडापाव खात नव्हत्या. त्यातलं श्रेय तेलाला किती, ते कसं वेगळं काढणार?

माडाखाली
संशोधन दर दहा वर्षांनी उलटतं. आधी अंडी वाईट, मग चांगली. २०१४ साली आलंच होतं ना, संपृक्त चरबीचा आणि हृदयविकाराचा संबंध सापडला नाही म्हणून?

वाचनखूण
आलं होतं. पण चरबी कमी केल्यावर माणूस तिच्या जागी काय खातो, ते बघावं लागतं. तूप सोडून मैदा आणि साखर खाल्ली तर फायदा दिसत नाही. तूप किंवा पामतेलाच्या जागी असंपृक्त तेल, दाणे, मासे आले तर दिसतो. निदान दोन वर्षं चाललेल्या चाचण्यांचा कॉक्रेनचा (वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) आढावा २०२० साली आला. संपृक्त चरबी कमी करणाऱ्यांमध्ये हृदयविकार, पक्षाघात असे प्रसंग मिळून सुमारे १७ टक्क्यांनी कमी झाले. मृत्यूंच्या आकड्यात मात्र फारसा फरक पडला नाही, तेही सांगायला हवं.

सोलापुरी
करडई! इतकी चर्चा झाली आणि करडईचं नाव नाही. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या करडईच. डॉक्टरसुद्धा हृदयाला चांगली म्हणून सांगायचे.

खाडीकाठ
करडईच्या तेलावरच तर ऑस्ट्रेलियात चाचणी झाली होती, सिडनीला, १९६६ ते १९७३. हृदयाचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांना तूप-लोण्याऐवजी करडईचं तेल आणि त्याचंच मार्गारिन (तेलापासून केलेलं नकली लोणी) दिलं. कोलेस्टेरॉल उतरलं, पण त्या गटात मृत्यू जास्त झाले. जुनी आकडेवारी शोधून २०१३ साली पुन्हा मांडली गेली. करडईत पाऊणभर लिनोलिक आम्ल, म्हणजे ओमेगा-६ हा असंपृक्त चरबीचा एक प्रकार. दुसरा प्रकार ओमेगा-३, माशात आणि जवसात असतो तो, जवळजवळ शून्य. मी तरी जवस आणि मासे यांच्यावर भर देतो. चेंदणी कोळीवाड्यात सकाळी बांगडे, तारल्या ताज्या मिळतात.

सोलापुरी
एका जुन्या चाचणीवरून आमच्या तेलाला नावं ठेवू नका. तिथे मार्गारिनही दिलं होतं, हे तुम्हीच लिहिलंय. त्या काळच्या मार्गारिनमध्ये ट्रान्स फॅट (तेल घट्ट करताना तयार होणारी घातक चरबी) असायचं. दोष तेलाचा की मार्गारिनचा?

वाचनखूण
हा मुद्दा बरोबर आहे, त्या चाचणीवर हाच मोठा आक्षेप आहे. शिवाय माणसं पाचशेसुद्धा नव्हती.

चकचकीत
तेलाच्या डब्याला आतून चिकट थर बसला असेल तर गरम पाणी आणि सोडा घालून रात्रभर ठेवा, सकाळी तांदूळ टाकून हलवा. स्वच्छ निघतो. नवीन तेल जुन्या थरावर कधी ओतू नये, खवट होतं.

खाडीकाठ
ताई, मासे खात नसाल तर फिश ऑइलच्या कॅप्सूल मिळतात. मी दोन वर्षं घेतोय, तब्येत छान आहे.

रात्रपाळी
कॅप्सूल मनाने सुरू करू नका. साध्या १ ग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये कामाचं ओमेगा-३ साधारण ३०० मिलिग्रॅम असतं. २०१८ साली ज्या चाचणीत फायदा दिसला, त्यात शुद्ध केलेलं ईपीए (माशातलं एक ओमेगा-३) रोज ४ ग्रॅम होतं, ते डॉक्टरच्या देखरेखीखाली घ्यायचं औषध आहे. आणि त्याच सुमाराला २५,८७१ लोकांवर झालेल्या चाचणीत रोजच्या १ ग्रॅमने हृदयविकाराचे मुख्य आकडे लक्षणीय कमी झाले नाहीत. जास्त डोसने हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो, हेही दिसलंय. मासे खा, ते वेगळं. जवसाची चटणीही खा, पण जवस भाजून कुटलेला हवा, अख्खा खाल्ला तर तसाच बाहेर पडतो. आणि त्यातल्या ओमेगा-३चं शरीरात माशातल्यासारखं रूपांतर फार थोडं होतं.

ताई, अजून रिपोर्ट कोणाचा ते कळलं नाही. गोळ्यांचंही सांगितलं नाहीत.

तळ्याकाठी
रागावू नका, घरात सकाळपासून हाच विषय चाललाय, वैताग आलाय. रिपोर्ट ह्यांचा आहे. वय ४६. महापेला नोकरी, शिफ्ट ड्युटी. रक्त उपाशीपोटी दिलं. एलडीएल १५८, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड्स ३३०. शुगर 'बॉर्डरवर' म्हणाले. तंबाखू, दारू नाही. मागच्या वर्षीही वाढलेलं, तेव्हा रात्री घ्यायची एक गोळी दिली होती. ती जूनपासून बंद केली, ह्यांच्या मित्राने व्हिडिओ पाठवला होता की त्याने लिव्हर खराब होतं. डॉक्टरांना सांगितलं नाही, ते ओरडतील म्हणून. आणि दिवसातून पाच-सहा चहा, साखर व्यवस्थित. चहाबरोबर खारी. चार माणसांत पाच लिटरचा डबा पंचवीस-सव्वीस दिवस जातो.

रात्रपाळी
ताई, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! तेल बाजूला ठेवा. ती गोळी म्हणजे बहुतेक स्टॅटिन, कोलेस्टेरॉल उतरवणारी. नाव पाहून डॉक्टरांना फोन करा आणि ती कधीपासून बंद आहे ते स्पष्ट सांगा. नाहीतर नवा रिपोर्ट बघून त्यांना वाटेल की गोळी घेऊनही एवढं आहे, आणि डोस वाढवतील. लिव्हरची भीती असेल तर एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) करून मिळते, मित्राच्या व्हिडिओवर ठरवायचं कशाला? ओरडले तर ओरडू देत.

दुसरं म्हणजे ट्रायग्लिसराइड्स ३३०. ती साखर, मैदा, भात यांच्या अतिरेकाने जास्त चढतात, त्यामुळे तेल बदललं तरी सहा चहांची साखर तशीच राहिली तर ती खाली यायची नाहीत. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या.

वाचनखूण
पूर्ण सहमत. तेलाचा हिशोबही बघा. पाच लिटर, चार माणसं, पंचवीस दिवस, म्हणजे माणशी रोज ५० मिली. ह्यातूनच चारशेच्या वर कॅलरी झाल्या, कॅन्टीन आणि वडापाव वेगळे. साधारण त्याच्या निम्म्यावर यायला हवं. शेंगदाणा, सूर्यफूल, मोहरी, राइस ब्रान (तांदळाच्या कोंड्याचं), कोणतंही चालेल, आलटूनपालटून. तळलेलं तेल पुन्हा तळायला घेऊ नका. ऑलिव्हवर एवढे पैसे घालवायची गरज नाही.

खारी मात्र सोडा. आपल्याकडे ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आली, त्याआधी वनस्पती तुपातून किती गेलं असेल कोणास ठाऊक. आता ट्रान्स कमी झालं तरी पामतेलाची संपृक्त चरबी राहतेच. पाकिटाची मागची बाजू वाचा.

घाणाप्रेमी
घाण्याच्या तेलाने काय बिघडतं ते कोणी सांगितलं नाही.

वाचनखूण
बिघडत काही नाही. चव, वास छान, विश्वासाचं असेल तर जरूर घ्या. पण शेंगदाण्यातली चरबी घाण्यावर काढली काय, कारखान्यात काढली काय, तिचा प्रकार तोच राहतो.

तळ्याकाठी
सगळ्यांचे मनापासून आभार, आणि चिडून लिहिलं त्याबद्दल माफ करा. डबा आणला नाही. शेंगदाण्याचं एक लिटर आणलं, सासूबाईही खूश. आज भाजी करताना किटलीतून नेहमीसारखं ओतायच्या आधी वाटीत काढलं आणि चमच्याने मोजलं. चहाचे अकरा चमचे भरले, चौघांच्या एका भाजीला! सहा घातले. कोबी खाली लागायला लागला, म्हणून झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवला. ह्यांना फरक कळला नाही, मुलीला कळला.

खारीचं पाकीट पाहिलं, दुसऱ्याच ओळीत पामोलीन, म्हणजे पामतेलच, लिहिलंय. उरलेली कामवाल्या ताईंनाही दिली नाही, टाकून दिली.

गोळीवरून बराच वेळ वाद झाला. ह्यांनी शेवटी कपाटातून पाकीट काढून दिलं, दहातल्या चारच खाल्लेल्या. डॉक्टरांचा नंबर लागला नाही, पण मंगळवारी संध्याकाळची वेळ मिळाली आहे. पाकीट आणि दोन्ही वर्षांचे रिपोर्ट आत्ताच पर्समध्ये ठेवलेत.