दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नये

‘भाजलेली जागा फारशी दुखत नाही, म्हणजे जखम किरकोळ असावी’ हा तर्क मला धोक्याचा वाटतो. केवळ वरचा थर भाजला असेल तर त्वचा लाल होते, चुरचुरते आणि बोटाने हलकेच दाबून सोडल्यावर क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल होते. त्याखालचा थर भाजला असेल तर फोड येतात आणि वेदना असह्य होतात. मात्र त्वचा पूर्ण खोलीपर्यंत जळाली असेल, तर ती जागा पांढरट, तपकिरी किंवा काळपट, कोरडी आणि चामड्यासारखी दिसते, आणि संवेदना वाहून नेणाऱ्या चेतातंतूंची टोकेच नष्ट झाल्याने तिथे जवळजवळ काहीच जाणवत नाही. अशी जखम नाण्याएवढी असली तरी डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे.

आकाराचा अंदाज घेण्यासाठी, ज्याला भाजले त्याचा बोटांसह तळहात शरीराच्या सुमारे 1 टक्का धरतात. फोड आलेला भाग त्याहून मोठा असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांधे वा जननेंद्रिये भाजली असतील, तर थांबू नये. विजेचा धक्का, रसायन, लहान मूल किंवा वृद्ध व्यक्ती असल्यास तर मुळीच नाही. विजेची जखम बाहेरून ठिपक्याएवढी दिसली तरी आत खोलवर इजा झालेली असू शकते.

तोवर अंगठी, बांगडी काढून 20 मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली जागा धरावी. बर्फ लावू नये, आणि फोड कृपा करून फोडू नयेत.