कुत्रा बाहेर, पोरं आत: स्पेनचा लॉकडाऊन अतिरेकी होता का?

किनारेकर
परवा आमच्या ग्रुपवर हा वाद पुन्हा पेटला, म्हणून इथे मांडतेय. मी मूळची सांगलीची, लग्नानंतर लेस्टर, पासपोर्ट आता ब्रिटिश, आणि २०१८ पासून नवरा-मुलीसह स्पेनच्या कोस्टा ब्लांका किनाऱ्यावर, तोरेविएखाजवळ. आमच्या वसाहतीत बहुतेक घरं ब्रिटिश पेन्शनरांची.

१४ मार्च २०२० ला पंतप्रधान सांचेझ यांनी 'एस्तादो दे अलार्मा' म्हणजे खालच्या पायरीची आणीबाणी लावली. लोकांना घरात बसवणं भाग होतं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती पोरांबद्दल. १४ वर्षांखालच्या मुलांना २६ एप्रिलपर्यंत पाय मोकळे करायलाही बाहेर नेता येत नव्हतं. मूल सांभाळायला घरी कुणीच नसेल तर दुकानात सोबत न्यायची सूट, बस्स. कुत्र्याला मात्र रोज नेता यायचं. तंबाखूची दुकानं उघडी! सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारायलाही मनाई, पोहण्याच्या तलावाभोवती लाल-पांढरी पट्टी. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची. बाल्कनीच्या गजांना नाक लावून खालच्या मांजरांची बारशी करत बसायची. आमच्या जिन्यातला एक लठ्ठ स्पॅनियल तर इतक्या जणांनी फिरायला उसना नेला, की पट्टा दिसला की तो सोफ्याखाली शिरायला लागला.

सहा आठवडे. युरोपात इतर कुठे मुलांवर एवढी सक्ती झाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. हा आडमुठेपणा होता असं माझं स्पष्ट मत आहे.

माद्रिदवाला
ताई, बाल्कनी होती ना? आमच्या फ्लॅटला तीही नव्हती, खिडकी उघडली की समोर भिंत.

२ एप्रिलला एका दिवसात ९५० मृत्यू जाहीर झाले. इथे पालासिओ दे इएलो या मॉलमधल्या बर्फावरच्या स्केटिंगच्या मैदानात शवपेट्या ठेवल्या होत्या. इफेमाच्या प्रदर्शन हॉलमध्ये खाटा टाकून हॉस्पिटल उभं केलं. मुलांमुळे रोग किती पसरतो हे तेव्हा कुणालाच नीट कळलेलं नव्हतं. अशा वेळी सरकारने 'आधी सगळ्यांना आत घ्या' म्हटलं तर आडमुठेपणा कसला? समुद्रकिनारी पेन्शनरांच्या वसाहतीत बसून माद्रिदच्या निर्णयांना नावं ठेवणं सोपं आहे.

खवट_म्हातारा
माद्रिदवाल्यांनी तर बोलूच नये. शाळा बंद झाल्याबरोबर गाड्या भरून किनाऱ्यावरच्या सेकंड होमला कोण पळालं? मुर्सियाच्या सरकारला १३ मार्चला किनाऱ्यावरची गावंच बंद करावी लागली ती कुणामुळे?

माद्रिदवाला
@खवट_म्हातारा माझं सेकंड होम नाही. फर्स्टही भाड्याचं आहे.

मँचेस्टरची_माई
मी उलट बाजूने लिहिते. आमच्याकडे बोरिस जॉन्सननी २३ मार्चला लॉकडाऊन लावला, तोही दिवसातून एकदा व्यायामाला बाहेर पडायच्या मुभेसकट. मुलं पार्कात जायची. आणि आमच्याकडे माणसं किती गेली ते सगळ्यांना माहीत आहे. तुमच्याकडे सक्ती होती म्हणून तुम्ही आज हा धागा काढताय, असंही म्हणता येईल.

किनारेकर
माई, तुमच्याकडे घात केला तो उशिराने, पोरांच्या पार्काने नाही. ११ मार्चला अ‍ॅटलेटिको माद्रिदचे जवळपास ३,००० पाठीराखे फुटबॉलच्या मॅचसाठी लिव्हरपूलला आले. त्यांच्या स्वतःच्या शहरात तेव्हा प्रेक्षकांना स्टेडियम बंद होतं! त्याच आठवड्यात चेल्टनहॅमच्या घोड्यांच्या शर्यती तुडुंब गर्दीत पार पडल्या. या दोन्हीत सात वर्षांच्या मुलीने आईबरोबर गल्लीला चक्कर मारण्याचा काय संबंध?

माद्रिदच्या दुःखाबद्दल वादच नाही. पण म्हणूनच म्हणते, की नियम माद्रिद बघून केला आणि ओसाड किनाऱ्यालाही तोच लावला.

सडेतोड
मला गंमत वाटते ती ब्रिटिशांची. बार बंद झाल्यावर स्पेनमधल्या बेनिडॉर्मच्या रस्त्यावर बिअरचे ग्लास घेऊन पोलिसांसमोर गाणारे हेच ना? त्या क्लिप आम्ही नाशिकात बसून पाहिल्या. दुसऱ्याच्या देशात राहायचं, भाषा शिकायची नाही, आणि वर नियम जाचक म्हणून रडायचं.

किनारेकर
ते सुट्टीवर आलेले होते हो. विमानं मिळाली तसे घरी गेले. राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

शेजारचे यॉर्कशायरचे आजोबा घ्या. रात्री बीबीसी लावणार, तिथे सांगणार 'दिवसातून एकदा व्यायाम'. सकाळी हे हाफपँट घालून निघाले, कोपऱ्यावर पोलिसांनी अडवलं. आजोबांनी तेच वाक्य तीनदा, दर वेळी मोठ्या आवाजात, इंग्रजीत सांगितलं. सुदैवाने समज देऊन सोडलं. दंड ६०१ युरोपासून सुरू व्हायचा. भाषेबद्दलचा तुमचा टोला इथे लागू आहे, नाकारत नाही. पण हेच आजोबा रात्री आठला डॉक्टर-नर्सना टाळ्या वाजवायला सगळ्यांच्या आधी बाल्कनीत, हातात पातेलं घेऊन.

वर ब्रेक्झिट. ३१ डिसेंबर २०२० च्या आत इथे कायदेशीर राहतोय हे सिद्ध करायचं, नाहीतर पुढे १८० दिवसांत ९० दिवसांचे पाहुणे. आणि परदेशी नागरिकांच्या नोंदणीची ऑफिसं महिनोन् महिने बंद. वर्षानुवर्षं 'करू कधीतरी' म्हणणाऱ्यांची झोप उडाली होती. पेन्शन पौंडात, भाजी युरोत, पोरं-नातवंडं ब्रिटनमध्ये, आणि आजारी पडलो तर भाषांतराला कोण येणार ही धास्ती. रडणं म्हणा हवं तर.

सडेतोड
कागद वेळेत न करणाऱ्यांबद्दल मला शून्य सहानुभूती. बाकी पातेल्याला सलाम.

चिंचवडकर
आपल्याकडे चार तासांच्या नोटिशीवर देश बंद झाला, मजूर रस्त्याने चालत गावी निघाले. त्यापुढे हे सगळं चोचले वाटतात.

खवट_म्हातारा
अवांतर. त्यावर वेगळा धागा काढा, मी स्वतः येऊन भांडतो.

कायदेकानू
एक मुद्दा कुणीच काढला नाही. १४ जुलै २०२१ ला स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने ६ विरुद्ध ५ मतांनी ती घरबंदी घटनाबाह्य ठरवली. वसूल केलेले दंड परत द्यायची वेळ सरकारवर आली.

माद्रिदवाला
अर्धंच सांगताय. उपाय अनावश्यक होता असं कोर्टाने म्हटलेलं नाही. हक्कावर मर्यादा घालणं वेगळं आणि हक्कच स्थगित करणं वेगळं. दुसऱ्यासाठी 'एस्तादो दे अलार्मा' पुरत नाही, त्याहून वरची आणीबाणी लागते, असं म्हटलं. आणि ती याचिका वोक्स या कट्टर उजव्या पक्षाची होती, त्यांना मुलांच्या खेळाची किती काळजी ते सोडून द्या. त्यात निकाल एका मताच्या फरकाने.

कायदेकानू
एका मताच्या फरकाने लागलेला निकालही निकालच असतो.

किनारेकर
कोर्ट राहू दे. २१ एप्रिलचं बघा. सरकारने त्या दिवशी जाहीर केलं की आता मुलांना बाहेर काढता येईल. कुठे? सुपरमार्केट, फार्मसी आणि बँकेत! म्हणजे गर्दीच्या बंद जागेत चालेल, मोकळ्या हवेत नाही. लोकांनी बाल्कनीतून भांडी बडवली, आणि त्याच संध्याकाळी आरोग्यमंत्री साल्वादोर इया यांनी निर्णय फिरवून मुलांना फिरायला न्यायची मुभा दिली. तपशील नंतर ठरला: एक मोठं माणूस, तीन मुलांपर्यंत, एक तास, घरापासून एक किलोमीटर. काही तासांत जे सुचलं ते आधी सुचायला काय हरकत होती? बार्सिलोनाच्या तेव्हाच्या महापौर आदा कोलाउ त्याआधीच जाहीरपणे मुलांना सोडा म्हणत होत्या, त्या काही वोक्सच्या नव्हेत.

माद्रिदवाला
सुपरमार्केटचा प्रकार मूर्खपणाचा होता, मान्य. पण तेवढ्यावरून आधीचे पाच आठवडे चूक ठरत नाहीत. आमच्या मजल्यावरच्या आजी वृद्धाश्रमात होत्या. मार्चमध्ये तुमच्या मुलीला सोडलं असतं तर माझ्या मुलालाही सोडावं लागलं असतं, आणि माद्रिदच्या एका लिफ्टमध्ये किती घरं जमतात ते येऊन बघा.

किनारेकर
मग लिफ्टचा नियम करायचा होता.