मदत हवी आहे: जुन्या जिनच्या जागेवर घरं बांधायचीत, मागच्या शेडमधे बॅटऱ्या फोडायचे

सांवेरवाला:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

इंदूरहून उज्जैनकडे जाताना सांवेरच्या आसपास, मेन रोडपासून आत, आमची दोनेक एकर जागा आहे. आजोबांचं कापसाचं जिनिंग होतं तिथं. मग माळव्यात जिकडेतिकडे सोयाबीन आलं, कापूस गेला आणि जिन बंद पडलं. नंतर शेड भाड्याने दिल्या, पुढच्या धान्यवाल्याला आणि मागची एका भंगारवाल्याला, जो कागदावर 'भंगार साठवण' लिहून प्रत्यक्षात जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचा. तो केव्हाच निघून गेला, पण शेडच्या मागे अजून पायाने माती उकरली की बॅटरीच्या डब्यांचे काळे तुकडे वर येतात, भिंतीला खालून हातभर पांढरट पापुद्रे धरलेत, आणि ॲसिड ज्या नालीतून बाहेर जायचं तिच्या कडेला भर पावसाळ्यातही गवत नाही. बाकी सगळीकडे गाजरगवत कमरेएवढं.

आता बाबा, दोन्ही काका आणि आत्या यांनी ठरवलंय की विकायचं नाही. सिंहस्थ २०२८ चं नाव सांगून दलाल फोन करकरून डोकं खातायत, त्यामुळे हे एकमत किती टिकतं देव जाणे, पण सध्या आहे. सहा घरं, मधे मोठा चौक, एका बाजूला गोठा, विहिरीजवळ भाजीपाला, जुन्या विटा आणि छपराच्या सागवानी कैच्या वाया न घालवता त्यातच बांधायचं. गेटवर सिंह असलेली फार्महाऊस कॉलनी नकोय. खत पण आपलंच, शेवटी अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञाने १९२४ ते ३१ मधे इथेच इंदुरात कंपोस्टची पद्धत बसवली, जगभर ती आपल्या गावाच्या नावाने चालते, मग आपण का नाही.

घोडं अडलंय ते मागच्या शेडपाशी. चुलत भाऊ म्हणतो दोन फूट माती काढू, डंपरने बाहेर टाकू, वर नवीन माती, विषय संपला. बाहेर म्हणजे कुठे विचारलं तर गप्प. रीतसर टाकायची तर घातक कचऱ्याची विल्हेवाट लावतात ते पिथमपूर, आणि २०२५ च्या जानेवारीत भोपाळचा युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा तिथं नेला तेव्हा लोकांनी केवढा विरोध केला ते सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे नुसतं नाव काढलं तरी आत्या उठून आत जाते. वहिनीने कुठेतरी व्हिडिओ पाहिला की सूर्यफूल आणि मोहरी लावली की शिसं शोषून घेतात. खरंय का? आणि क्रम काय ठेवायचा, आधी शेड पाडायची, की माती तपासायची, की नकाशा काढायचा? घाई नाहीये तशी, चौकीदार बायकामुलांसकट तिथेच राहतो त्यामुळे अतिक्रमणाची भीती नाही. पण दिवाळीनंतर काम सुरू करावं असं काकांच्या मनात आहे.

काळी_माती:

डंपर थांबवा आधी. तुमची जमीन काळी आहे ना? उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची धूळ त्या भेगांतून खाली जाते, पावसात जमीन फुगून भेग मिटते आणि ती धूळ आतच राहते. हे इतकी वर्षं चाललंय. त्यामुळे 'दोन फूट' हा आकडा कुणी मोजलेला नाही, तो अंदाज आहे. एरवी आपली माती अल्कधर्मी आणि चिकण, त्यात शिसं घट्ट धरलं जातं, फार खाली सरकत नाही, पण नालीपाशी ॲसिड मुरलंय, तिथे पीएच पडला असेल तर ते पाण्याबरोबर खाली गेलेलं असू शकतं.

म्हणून आधी तपासणी. भट्टीची जागा, नाली, शेडच्या आत, आणि शेडच्या पूर्वेला (उन्हाळा-पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून असतो), असे वेगवेगळे नमुने, प्रत्येक ठिकाणी ० ते १५, १५ ते ३०, ३० ते ६० सेंमी खोलीचे. आणि हे नमुने एकत्र कालवू नका! शेतीच्या माती परीक्षणाला आपण सगळ्या शेतातली माती घमेल्यात मिसळून अर्धा किलो देतो, ती सवय इथे घात करते, नालीजवळचा मोठा आकडा पातळ होऊन जातो. त्या परीक्षणात एनपीके (नत्र, स्फुरद, पालाश) कळेल, शिसं कळणार नाही, एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या लॅबला 'एकूण शिसं' म्हणून सांगा. साध्या मातीत साधारण १० ते ५० पीपीएम (किलोमागे मिलिग्रॅम) असतं. अमेरिकेत घरांच्या जागेसाठी आधी ४०० ची रेषा होती, २०२४ मधे ती २०० वर आणली. बॅटरी फोडायच्या जागी आकडा हजारांत निघाला तरी दचकू नका. विहिरीचं पाणी वेगळं तपासा, पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा आहे.

सूर्यफूल विसरा. आपल्या मातीत शिसं इतकं घट्ट बसतं की झाडाला नगण्य मिळतं, आणि जे मिळेल ते झाड मग कुठे टाकणार?

मोकळा_भिडू:

एवढा ताप कशाला, विका आणि बायपासला फ्लॅट घ्या भाऊ.

विटा_चुना:

वरच्या भिडूकडे दुर्लक्ष करा, चुन्यात बांधलेलं जिन पाडून लोक काय घालवतात हे त्यांना कळत नाही. चुन्याच्या जोडाईतल्या विटा टोकल्या की अख्ख्या सुटतात, सिमेंटच्या सुटत नाहीत. पण मागच्या शेडची एकही वीट घरात वापरू नका, त्या पांढऱ्या पापुद्र्यांसकट ती तशीच राहू दे.

नकाशा मातीच्या रिपोर्टनंतर. घरं, विहीर, भाजी पुढे, मागचा तुकडा बांधकामाबाहेर. जी माती खरंच हाताबाहेर आहे तेवढीच रीतसर पिथमपूरला, बाकीच्यावर जिओटेक्स्टाइल (माती वेगळी ठेवणारं जाड कृत्रिम कापड), चिकणमातीचा थर, मुरूम आणि वर फरशी, तिथे गाड्या लावा. शोषखड्डा किंवा रिचार्ज पिट त्या बाजूला अजिबात नको, लोक हौसेने पाणी जिरवतात आणि नको ते पण जिरतं. पाणी टाकीत साठवा. ४०० चौरस मीटर छप्पर आणि ९०० मिमी पाऊस धरला तर थोडं वाया जाऊनही पावणेतीन लाख लिटरच्या वर येतं.

काळ्या मातीत साधा पाया घालाल तर भिंती तडकणार, अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगीर केलेले खोल खांब) करा, रुरकीच्या सीबीआरआय या इमारत संशोधन संस्थेने अशाच जमिनीसाठी ते बसवले. छपराला सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस धरूनच चाला, ओले करून, बोल्ट काढून अख्खे उतरवायचे, फोडायचे नाहीत. आणि सागवानी कैच्यांना जुना ऑइलपेंट असेल तर सँडर मारू नका. पेंटमधल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून लागू आहे, त्याआधीच्या रंगाची धूळ म्हणजे मागचं शिसं पुढच्या घरात.

खसरा_बीवन:

खसऱ्यात (जमिनीच्या सरकारी नोंदीत) जमीन काय लागलीय ते पटवाऱ्याकडून काढा. जिन होतं म्हणजे औद्योगिक डायव्हर्शन (शेतीऐवजी दुसऱ्या वापराची नोंद) असणार, निवासीसाठी ते भू-राजस्व संहितेच्या कलम ५९ खाली बदलून घ्यावं लागेल, आणि नगर तथा ग्राम निवेश या नियोजन खात्यात त्या खसऱ्याचा भूउपयोग बघा. दूषित जागांचे केंद्राचे नियम पण २०२५ च्या जुलैत आलेत, वकिलाला ते वाचायला सांगा. सहा घरांचे हिस्से आत्ताच कागदावर आणा, फरशीखालचा तुकडा कुणाच्या वाट्याला यावरून पुढे भांडण होणार हे नक्की.

रमाताई_देवास:

मी सगळं वाचलं, पण कुणी विचारलंच नाही म्हणून विचारते. चौकीदाराची मुलं कुठे खेळतात? केवढी आहेत? लहान मुलं हात तोंडात घालतात, शिसं मोठ्यांपेक्षा त्यांच्या अंगात कितीतरी जास्त मुरतं, आणि बाहेरून काही दिसत नाही. रक्तातलं शिसं तपासून घ्या, डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर स्रोत शोधून थांबवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरं दिवाळीनंतर होवोत नाहीतर पुढच्या दिवाळीला, ही मुलं आज तिथे आहेत.

सांवेरवाला:

ताई, धन्यवाद. दोन मुलं आहेत, धाकटी तीन वर्षांची. बाबांनी लगेच चौकीदाराला फोन केला, उद्यापासून ते आमच्या गावातल्या घरी राहतील आणि रक्त तपासायला मीच घेऊन जातोय. त्याच्याकडून कळलं की शेजाऱ्याच्या दोन गाई पण मागे चरतात, ते आज बंद करवलं.

काळी_माती, शेडच्या आत कोबा आहे, नमुना घ्यायला तो फोडावा लागेल का? आणि फोडताना धूळ उडेल तिचं काय?

काळी_माती:

कोबा अख्खा फोडू नका, तोच सध्या झाकण आहे. दोन-तीन ठिकाणी पाणी मारत कोअर कटरने भोक पाडा, माती घ्या, भोक परत बुजवा. नुसता रुमाल नको, एन९५ लावा. ते कपडे आणि चपला घरात नेऊ नका, तिथेच बदला. गाईंचं दूध कोण पितं तेही शेजाऱ्याला विचारा.