चेन खेचणाऱ्याला बेल मिळाली आणि मावशीला कोणी कळवलं पण नाही. फिर्यादीला काही हक्क असतात की नाही?

ठाणे_वेस्ट_ची_मी

माझी मावशी घोडबंदर रोडला राहते, एकटीच असते. सकाळी भाजी घेऊन येताना बाइकवर दोघं आले आणि गळ्यातलं मंगळसूत्र खेचून पळाले. एफआयआर झाली, सीसीटीव्हीवरून एक जण सापडला, मावशीला ठाणे जेलमध्ये ओळख परेडला बोलावलं. रांगेत सारख्याच अंगकाठीची पोरं उभी होती, हात थरथरत होते तिचे पण तिने बरोबर बोट दाखवलं. त्यानंतर सगळं शांत.

आणि परवा मार्केटमध्ये तोच पोरगा तिला टपरीवर उभा दिसला!! घरी येऊन कडी लावून बसली, दोन दिवस खाली उतरली नाही. पोलीस स्टेशनला विचारलं तर म्हणे चार्जशीट वेळेत गेली नाही म्हणून बेल झाली, कोर्टाने दिली, आम्ही काय करणार. सराफाकडून सोन्याची लगड, म्हणजे वितळवून केलेला तुकडा, जप्त झालीय असं पण ऐकलं, त्याबद्दल कोणी नीट बोलत नाही.

त्याला सरकारी खर्चाने वकील, त्याला बेल, त्याला सगळं. आणि जिचं गेलं तिला साधा फोन नाही? हे हक्क कमी करायला नकोत का? मला खरंच समजून घ्यायचंय, कोणाला माहीत असेल तर सांगा.

फौजदारीवाला_बेलापूर

ताई, मी ठाणे आणि बेलापूर दोन्ही कोर्टात वकिली करतो. तुमचा राग रास्त आहे, फक्त तो कुठे न्यायचा ते सांगतो.

ही डिफॉल्ट बेल. चेन खेचण्याला आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३०४ आहे, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. अशा गुन्ह्यात आरोपी आत असेल तर ६० दिवसांत चार्जशीट कोर्टात गेली पाहिजे, खून वगैरे मोठ्या गुन्ह्यांना ९० दिवस. नाही गेली आणि आरोपीने अर्ज केला, जामीन भरायला तयार असला, की मॅजिस्ट्रेटला ती द्यावीच लागते, पुरावा किती पक्का आहे ते त्या दिवशी बघितलंच जात नाही. म्हणजे कोर्टाने त्या पोराला चांगला म्हटलेलं नाही, तपास करणाऱ्यांनी मुदत घालवली एवढाच त्याचा अर्थ. हा नियम काढला तर तुमच्या मावशीची केस पुढे सरकणार नाही, उलट चार्जशीट द्यायची घाईच उरणार नाही, आरोपी आत आहे ना मग बसू दे, आणि फिर्यादी वर्षानुवर्षं ताटकळत. ती मुदत दोघांसाठी आहे.

आता मावशीचे हक्क. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती घेतली असेलच. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आहे, नागरिक सुरक्षा संहिता, त्यातल्या कलम १९३ मध्ये ९० दिवसांच्या आत तपास कुठपर्यंत आला हे फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं पोलिसांवर बंधन आहे, मोबाइलवर कळवलं तरी चालतं. हे फारसं कोणी मागत नाही म्हणून मिळत नाही. साधा अर्ज द्या, दोन प्रती, एकीवर शिक्क्यासकट पोच घ्या, तोंडी विचारत बसू नका. उत्तर नाही आलं तर ठाणे कमिशनरेट आहे, एसपी नाही, त्यामुळे तुमच्या झोनच्या डीसीपींकडे, म्हणजे पोलीस उपायुक्तांकडे, तोच अर्ज पोच लावून.

आणि सरकारी खर्चाने वकील फक्त आरोपीलाच असतो हे बरोबर नाही. विधी सेवा कायदा १९८७ चा आहे, त्यात महिलेला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, आरोपी असो की फिर्यादी. ठाणे कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, १५१०० वर फोन पण करू शकता.

कळवा_नाका

माझा अनुभव दुसऱ्या बाजूचा आहे, लिहू की नको विचार करत होतो.

माझ्या लहान भावाला अशाच चेनच्या केसमध्ये उचललं होतं, का तर बाइकचा रंग आणि मॉडेल सेम. रात्रभर बसवून ठेवला, आई बाहेर गेटजवळ डबा घेऊन उभी, आत आहे की नाही ते पण कोणी सांगेना. आत त्याला सांगत होते कबूल कर, सही कर, हलकं कलम लावतो सुटशील. तो रडत होता पण सही नाही केली. २४ तासांच्या आत कोर्टापुढे नेणं भाग होतं म्हणून दुसऱ्या दिवशी नेला. मॅजिस्ट्रेटने पहिलं विचारलं मारहाण झाली का, वकील आहे का. आमच्याकडे कुठला वकील, लीगल एडच्या मॅडम उभ्या राहिल्या. त्यांनी घणसोलीच्या कंपनीचा पंचिंग रेकॉर्ड मागवून घेतला, चेन खेचली त्या वेळी तो कामावर होता. पुढे केसमधून नाव निघालं पण नोकरी गेली ती गेलीच.

त्या बाईंची चेन गेली होती हे मी विसरत नाही. पण माझ्या भावाने सही केली असती आणि ती चालली असती तर खरा चोर मोकळाच राहिला असता ना, आणि त्या बाईंना वाटलं असतं न्याय झाला. म्हणून हक्क कमी करा म्हणतात ना लोक तेव्हा पोटात गोळा येतो.

फौजदारीवाला_बेलापूर

@कळवा_नाका सही केली असती तरी पोलिसांसमोरची कबुली पुरावा म्हणून आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे इंग्रजांच्या १८७२ च्या कायद्यात होतं आणि नवीन साक्ष अधिनियमातही आहे. चालतो तो एवढाच भाग, आरोपीने सांगितलं अमुक सराफाकडे दिलं आणि खरंच तिथून माल निघाला तर. म्हणून ताई, मावशीच्या केसमध्ये ओळख परेड आणि तो लगडीचा जप्ती पंचनामा, हाच केसचा कणा आहे. आता झडती-जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ शूटिंग पण सक्तीचं आहे, त्याने खोट्या जप्तीलाही चाप बसतो आणि खऱ्या जप्तीवर शंका घेणंही अवघड होतं.

निवृत्त_हवालदार_कोपरी

खात्यात होतो म्हणून सांगतो. एका आयओकडे, म्हणजे तपास अधिकाऱ्याकडे, ढीगभर गुन्हे, त्यात गणपती, नवरात्र, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा, सगळा बंदोबस्त त्याच माणसावर. मी बाजू घेत नाहीये. रिपोर्ट बाकी असला तरी चार्जशीट देऊन पुढचा तपास चालू ठेवता येतो, कायद्याने परवानगी आहे, त्यामुळे ६० दिवस चुकवायला कारण नाही. डीसीपींकडे अर्ज गेला की फाइल हलते हे मात्र नक्की, त्यामुळे लाजू नका.

ठाणे_वेस्ट_ची_मी

सगळ्यांचे खूप आभार. @कळवा_नाका तुमचं वाचून कसंतरीच झालं, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

आज अर्ज टाइप करून घेते. अजून दोन गोष्टी विचारते. एक, तो पोरगा परत दिसला किंवा काही बोलला तर काय करायचं, मावशी केस मागे घेऊ म्हणतेय. दोन, ती लगड. मंगळसूत्र काकांनी केलेलं, काका गेले, बिल कुठे आहे देव जाणे.

फौजदारीवाला_बेलापूर

नुसता दिसला तर काही करता येत नाही. धमकावलं, घराखाली घिरट्या घातल्या, मध्यस्थ पाठवला, तर लगेच ११२ आणि लेखी तक्रार, त्यावर बेल रद्द करायचा अर्ज होतो, डिफॉल्ट बेल असली तरी. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने देशभर लागू केलीय, खरंच धोका असेल तर त्याखाली अर्ज करता येतो. केस मागे घेणं मावशीच्या हातात नाही, ती सरकारची केस आहे. पण सरकारने काढून घ्यायची म्हटली तरी आता आधी पीडिताचं ऐकून घ्यावं लागतं, आणि आरोपी निर्दोष सुटला तर ती स्वतः अपील करू शकते. तिला सांगा ती एकटी नाहीये यात.

सोन्यासाठी केस संपायची वाट बघू नका. २००२ साली सुंदरभाई देसाई केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मुद्देमाल पोलीस स्टेशनात कुजवत ठेवू नका, फोटो काढून, पंचनामा करून, बंधपत्र घेऊन मालकाला द्या. तसा ताब्याचा अर्ज मॅजिस्ट्रेटकडे करायचा. बिल नसेल तर मंगळसूत्र घातलेले लग्नाकार्यातले फोटो जमवा, जितके जवळून तितके चांगले, काकांच्या ओळखीचा सराफ असेल तर त्याचं पत्र घ्या, आणि एफआयआरमध्ये वजन किती लिहिलंय ते आधी बघा. लगड वितळवलेली असते, वजनात थोडा फरक येतो, काळे मणी गेलेले असतात, तो खुलासा अर्जातच करायचा म्हणजे सरकारी वकील हरकत घेणार नाहीत. ताब्यात आली तरी विकायची किंवा मोडायची नाही, कोर्ट म्हणेल तेव्हा हजर करावी लागते.

ठाणे_वेस्ट_ची_मी

एफआयआर काढली आत्ता. वजन "अंदाजे ३ तोळे" एवढंच लिहिलंय. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये मावशीचा एक अगदी जवळचा फोटो आहे, दोन्ही वाट्या स्पष्ट दिसतात. तो स्कॅन करून अर्जाला लावते, सोमवारी मावशीला घेऊन कोर्ट नाक्याला विधी सेवाच्या ऑफिसात जातोय.