पत्ते टाकल्यावर मामांनी बोलावं का? (पोकर)

किलवर_गुलाम:
मंगळवार पेठेत दर शनिवारी रात्री आमची बैठक असते. सहा जण, टेक्सास होल्डम, पैसे अजिबात नाहीत. चिप्सच्या जागी चिंचोके. घासून पांढरा केलेला दहाचा, काळा एकाचा.

परवा माझ्याकडं इस्पिक एक्का आणि चौकट दश्शी. सुरुवातीलाच वाढवलेलं, समोर एकच गडी उरला. फ्लॉपला, म्हणजे मधे उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, दोन राण्या आणि सत्ती. म्हटलं, तिसरी राणी आपल्याकडं हाय असं दाखवूया. सात पांढरे पुढं सरकवले, नजर चटईवर. गड्यानं पानं बोटात धरून उचलली, आता टाकतोय म्हणेपर्यंत मामांनी कपाळावर हात मारला, "आयला, किलवरची राणी टाकली की रं मी!"

झालं. गड्यानं पानं परत खाली ठेवली, माझ्याकडं बघितलं आणि 'कॉल', म्हणजे माझ्याएवढेच चिंचोके पुढं सरकवले. त्याच्याकडं नव्वीची जोडी.

मामा म्हणतात, "मी डावात नाही, मग बोलायला बंदी कसली? तीन पत्तीत जन्म गेला माझा." घर त्यांचं, पांढरा रस्सा मामींचा, त्यामुळं मी गप्प. पण कुणाचं बरोबर? आणि मी स्वतःच "राणी हाय बघ" अशी थाप मारली असती तर?

डीलर_नाना:
गोव्यात कॅसिनोत पत्ते वाटलेत, म्हणून सांगतो. मामा चुकले. डावाबाहेर पडलेल्यानं तर जास्त गप्प बसायचं असतं, कारण त्याचं काही जात नाही. टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनच्या नियमात सरळ आहे: डाव चालू असताना हातातल्या किंवा टाकलेल्या पानांबद्दल बोलायचं नाही, कुणाला सल्ला द्यायचा नाही. कपाळावर हात मारणं हेही बोलणंच.

नव्वीवाल्याचा हिशोब बघ. त्याला पाच पानं दिसतात (हातातली दोन, मधली तीन), ४७ झाकलेली, त्यात २ राण्या. कुठल्याही दोन पानांत निदान एक राणी असायची शक्यता शंभरात ८ च्या आसपास. मामा बोलले आणि ती ४ वर आली. तू आधी वाढवलेलं, म्हणून तो तुला जास्त धरणार, पण तुझी निम्मी राणी मामांनी खाल्ली हे नक्की.

थापेचं म्हणशील तर, दोघंच उरले असताना कॅश गेममध्ये (थेट पैशांवर, स्पर्धा नसलेला खेळ) बहुतेक ठिकाणी चालते. स्पर्धेत आधी विचारून घ्यायचं. २००६ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत जेमी गोल्ड अखंड बडबडत, मधेच खरी पानं सांगत १ कोटी २० लाख डॉलर घेऊन गेला. त्यावर वादही झाले. मात्र तुझी पाळी असताना 'कॉल' किंवा 'रेज' (वाढवलं) गमतीत म्हणू नकोस. शब्द सुटला की बांधला गेलास.

रंकाळा_वारा:
खासबागेत कुस्तीला वस्ताद कडेनं "पट काढ, पट काढ" ओरडतोय ते चालतं, कारण समोरच्याचा वस्तादही ओरडत असतो. इथं एका हाताला एकच डोकं. नाना बरोबर आहेत. पण भावा, चिंचोक्यांसाठी मामांना कॅसिनोचा कायदा लावणार? रस्सा बंद होईल बघ.

डीलर_नाना:
कायदा नको लावू. पत्ते वाटायच्या आधी एकदा सगळ्यांना सांग, मामांचं नाव न घेता.

किलवर_गुलाम:
नाव न घेता सांगितलं, तर सगळ्यांनी मामांकडंच बघितलं. शेवटी त्यांना नुसतं वाटायला बसवलं. वाटणारा बोलत नसतो म्हटल्यावर पटलं त्यांना, ऐटीत पिसायलाही लागले. चार डाव एक शब्द नाही. पाचव्याला टर्नला, म्हणजे मधल्या चौथ्या पानाला, बदामाचा राजा उलटला आणि मामा नुसतं "हं" म्हणाले. तिघांनी पत्ते टाकले. मामांच्या हातात त्या डावाचं एकही पान नव्हतं.