वेल्समधली प्रागैतिहासिक दगडी स्मारकं: तुमचे अनुभव इथे लिहा

वेल्स म्हटलं की सगळे कॉनवी आणि कार्नार्फनचे किल्ले करून परत येतात. शेताडीत उभी असलेली पाच-सहा हजार वर्षांपूर्वीची दगडी थडगी मात्र राहून जातात, याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून हा धागा. ज्यांनी पाहिलीत त्यांनी रस्ता, चिखल, काय वाटलं, सगळं लिहा.

सुरुवात मी करते. पेम्ब्रोकशरमधलं पेंत्रे इवान. अरुंद गल्लीसारखा रस्ता, चार गाड्या जेमतेम लागतात, तिकीट वगैरे काही नाही, फाटक उघडून चालत जायचं. वरचा दगड साधारण १६ टनांचा, पाच मीटर लांब, आणि तो नुसता तीन उभ्या दगडांच्या टोकांवर टेकलाय! सोबत बाबा होते, ते पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेत, ते किती वेळ खाली वाकून भार कुठे कसा येतोय तेच बघत होते, मातीचा उतार करून ओढत चढवला असणार म्हणाले. मागे कार्न इंगलीचा डोंगर. आमचा पायच निघेना.

*

मस्त धागा! आम्ही अँगल्सी बेटावरचं ब्रिन केल्ली दी पाहिलं. गवताने झाकलेला उंचवटा, आत दगडी बोळ, शेवटी छोटी खोली. २१ जूनच्या सुमाराला उगवत्या सूर्याचा प्रकाश बोळातून थेट खोलीत येतो. आम्ही ऑक्टोबरात गेलेलो तरी आत शिरल्यावर अंगावर काटा आला. नक्षीचा दगड तिथे आहे तो नक्कल आहे, मूळचा कार्डिफच्या म्युझियममधे, तोही जरूर बघा.

*

लहान मुलं असतील तर कार्डिफजवळचं टिंकिन्सवुड. वरची शिळा ४० टनांच्या आसपास. १९१४ मधे उत्खनन झालं तेव्हा सुमारे ५० माणसांची हाडं सापडली, बायका, मुलं सगळे. हे ऐकल्यावर आमची लेक एकदम गप्प झाली आणि मग घरी येईपर्यंत प्रश्नच प्रश्न. आत विटांचा खांब दिसेल तो त्याच वेळी आधाराला बांधलेला आहे.

*

मी मूळचा नागपूरचा, त्यामुळे माझं मत गोर्स फॉरला. प्रेसेली डोंगरांच्या पायथ्याशी १६ दगडांचं वर्तुळ, कमरेएवढेच दगड, मोकळं माळरान. इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्रसिद्ध दगडी वर्तुळातले ब्लूस्टोन (निळसर दगड) याच डोंगरांतून सव्वादोनशे किलोमीटरवर नेले. आमच्याकडे जुनापाणीला शेकडो शिलावर्तुळं आहेत, ती लोहयुगातली, बरीच नंतरची, पण तिथे शाळेची सहल कधी गेलीच नाही हो. विदर्भातल्यांनी आधी ती बघा, मनापासून सांगतो. गोर्स फॉरला गमबूट हवेतच, जमीन पाणथळ आहे.

*

@नागपूरकर, आईला गुडघ्याचा त्रास आहे, गाडीपासून किती चालावं लागतं तिथे?